किती वर्षे द्यायचे?



आज पुनरुत्थानकाळातील पाचवा रविवार. आजच्या मिस्सेतील पहिले वाचन आपण लक्ष देऊन ऐकले असेल, तर एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. जेरुसलेमच्या त्या पहिल्यावहिल्या ख्रिस्तसभेत कुरकुर सुरू झाली होती. ती श्रद्धेच्या एखाद्या गहन प्रश्नावरून नव्हती. ती होती अन्नवाटपावरून. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार होती.

प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात संत लूक आपल्याला सांगतो, की सर्व श्रद्धावंत एकदिलाने राहत होते आणि त्यांच्यात कोणीही गरजू उरला नव्हता. आणि सहाव्या अध्यायात ही तक्रार! लूकने ती झाकून ठेवली नाही, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. प्रेषित स्वतः हजर होते, पवित्र आत्मा नुकताच उतरला होता, लोक जमिनी विकून पैसे आणून देत होते. तरीही वाटपाच्या यादीतून कोणीतरी सुटलेच. मग आपल्या यादीतून कोणी सुटत नसेल, असे आपण कशाच्या जोरावर म्हणायचे?

हे वाचन यंदा आपल्यासाठी अगदी वेळेवर आले आहे. येत्या रविवारी आपल्या धर्मग्रामातील विन्सेंट डी पॉल सोसायटीची वार्षिक सभा आहे. नवे पदाधिकारी निवडायचे आहेत. शिवाय, मागच्या महिन्यात धर्मग्राम परिषदेत आलेली एक सूचना त्या सभेपुढे ठेवायची आहे. ती सूचना अशी : कोणत्याही कुटुंबाला जास्तीत जास्त दोन वर्षे मदत द्यावी, नंतर ती बंद करावी. सूचना मांडणाऱ्या बंधूंनी आम्हांला सरळ विचारले, "फादर, त्याच त्या घरांना किती वर्षे द्यायचे?"

त्या दिवशी आम्ही "विचार करू" एवढेच म्हणालो. खरे सांगायचे तर आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढचे काही आठवडे आम्ही त्या प्रश्नाबरोबर काढले. आजचे हे लिखाण म्हणजे त्या बंधूंना आणि आपणा सर्वांना दिलेले आमचे उत्तर आहे. ते पूर्ण आहे, असा आमचा दावा नाही.

प्रश्न विचारणाऱ्याची बाजू

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. हा प्रश्न विचारणारे बंधू कंजूष नाहीत. गेली कित्येक वर्षे ते स्वतःच्या स्कूटरवरून धान्याच्या पिशव्या घरोघरी पोहोचवत आहेत. भर पावसात, गुडघाभर पाण्यातून ते गेले आहेत. अशा माणसाला थकल्यासारखे वाटले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार घरात बसलेल्यांना नाही.

त्यांची कारणेही विचार करण्यासारखी आहेत. सोसायटीकडे पैसा थोडा आहे आणि नवी गरजू घरे थांबून आहेत. सतत घेत राहिल्याने माणसाला घेण्याची सवय लागते, ही त्यांची काळजीही खोटी नाही. एका घरात तर पिशवी पोहोचली, की कर्ता पुरुष तांदूळ विकून दारू पितो, हे आळीतल्या सर्वांना ठाऊक आहे. दानपेटीत पैसे टाकणारी माणसे काही धनाढ्य नाहीत. फुलांच्या पुड्या आणि भाजीच्या पाट्या विकून आलेल्या पैशांतले ते पैसे आहेत. त्यांचा हिशेब द्यायला नको का?

द्यायला हवाच. पण दोन वर्षे हा आकडा आला कुठून? त्या घरांची परिस्थिती पाहून तो ठरला आहे का? नाही. तो आपल्या थकव्यातून आला आहे. अंथरुणाला खिळलेली ऐंशी वर्षांची म्हातारी दोन वर्षांनी उठून कामाला जाणार नाही. ज्याला काम करायचेच नाही, त्याच्याविषयी संत पौलाने थेस्सलनीकाकरांना कडक शब्द लिहिले, हे खरे. पण ते शब्द काम न करू इच्छिणाऱ्यांसाठी होते. काम करू न शकणाऱ्यांवर ते उगारणे म्हणजे पौलावर अन्याय आहे.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट केली. सोसायटीची वही मागवली आणि एकेका घराविषयी सभासदांना विचारत बसलो.

वहीत काय सापडले

वहीत अकरा घरे आहेत. त्यांतल्या एका घराविषयी, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे लिहितो. घरात एक विधवा, तिची सासू आणि दोन मुले. सहा वर्षे आपण त्यांना दरमहा दहा किलो तांदूळ, साखर आणि तेल देत आहोत. सहा वर्षांत एकही महिना चुकला नाही. सोसायटीच्या सभासदांना याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण या सहा वर्षांत त्यांचे रेशनकार्ड पाहायला कोणी मागितले नव्हते. ते आम्ही पाहिले. कार्ड वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. दोन्ही मुलांची नावे त्यावर चढलेलीच नाहीत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे दोन मुलांचे मिळून १० किलो. आपण देत होतो तेही दहाच किलो!

तसेच विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तिची रक्कम २०२३ साली दरमहा १००० रुपयांवरून १५०० रुपये झाली. या बाईंनी त्यासाठी कधी अर्जच केला नव्हता. कारण काय, तर तहसील कार्यालयात उत्पन्नाचा दाखला काढायला दोनदा गेल्या, दोन्ही वेळा कुठला तरी कागद कमी पडला, दोन दिवसांची धुण्याभांड्यांची कामे बुडाली आणि तिसऱ्यांदा जायची हिंमत झाली नाही. त्यांच्याबरोबर जायला कोणी नव्हते.

बंधुभगिनींनो, आम्हांला त्या रात्री झोप लागली नाही. सहा वर्षे आपण जे दान म्हणून दिले, त्यातले बरेचसे त्यांचे स्वतःचेच होते. ते दुसरीकडे अडकून पडले होते. आपण ते सोडवून दिले नाही. त्याऐवजी आपल्या खिशातून तेवढेच भरत राहिलो आणि वर "हे किती वर्षे घेणार?" असे विचारू लागलो. खरा प्रश्न असा होता : सहा वर्षांत आपल्यापैकी एकानेही हे का विचारले नाही? या प्रश्नाचा पहिला जाब धर्मगुरू म्हणून आम्ही द्यायचा आहे.

प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली जो दस्तऐवज काढला, त्यात या बाबतीत तीन स्पष्ट सूचना आहेत. न्यायाने जे माणसाचे आहे, ते दान म्हणून देऊ नये. दुःखाच्या परिणामांवर मलमपट्टी करून थांबू नये, कारणेही दूर करावीत. आणि मदत अशी करावी, की घेणारा हळूहळू परावलंबनातून मोकळा होईल. पाहा, स्कूटरवाल्या बंधूंची काळजी ख्रिस्तसभेचीही काळजी आहे. पण परावलंबन संपवण्यासाठी तिने दाखवलेली वाट पिशवी बंद करण्याची नाही. ती वाट पिशवीच्या पुढे जाण्याची आहे.

उपकार करणाऱ्याचा मोह

आपण पुढे का गेलो नाही? केवळ वेळ नव्हता म्हणून? आम्हांला वाटते, कारण आणखी खोल आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातील एक निरीक्षण आमच्या वाचनात आले होते. तो म्हणतो, की उपकार घेणाऱ्याचे उपकार करणाऱ्यावर जितके प्रेम असते, त्याहून करणाऱ्याचे घेणाऱ्यावर अधिक असते. याचे त्याने दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. कारागिराचे स्वतःच्या हातच्या वस्तूवर प्रेम असते, कवीचे स्वतःच्या कवितेवर असते. तसाच उपकृत माणूस हा उपकार करणाऱ्याची जणू कृती असतो. विद्यार्थी असताना आम्हांला हा विचार केवळ चतुर वाटला होता. पुढे धर्मग्रामात काम करू लागल्यावर त्याची भीती वाटू लागली. समोरचा माणूस माझी कृती झाला, की मला तो इतरांना दाखवावासा वाटतो. तो आहे तसाच राहावा, असेही मनाच्या एका कोपऱ्यात वाटू लागते.

आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. आधीच्या धर्मग्रामात असताना एका नाताळात आम्ही मिस्सेनंतर वेदीसमोर गरजू कुटुंबांना भेटीच्या पिशव्या दिल्या. नावे पुकारली. फोटो काढले. दात्यांना उत्साह यावा म्हणून ते फोटो चर्चच्या फळ्यावर लावले. हेतू चांगला होता. उपवासकाळात त्यांपैकी एक बाई बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला कार्यालयात आल्या. दाखला घेतला, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "फादर, तांदूळ महिनाभर पुरले. फोटो अजून फळ्यावर आहे." त्यांचा नववीत शिकणारा मुलगा नाताळापासून धर्मशिक्षणाच्या वर्गाला येत नव्हता. त्याचे मित्र त्याच फळ्यासमोर उभे राहून क्रिकेटच्या सामन्यांचे वेळापत्रक वाचत असत. आम्ही त्याच दिवशी फोटो काढून टाकला. मुलगा मात्र त्या वर्षी परत आला नाही.

उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण आम्ही कित्येकदा प्रवचनात समजावून सांगितली होती. ती देणाऱ्याच्या नम्रतेसाठी आहे, असेच आम्ही सांगत आलो होतो. ती घेणाऱ्याच्या अब्रूसाठीही आहे, हे त्या माउलीने आम्हांला शिकवले.

वशिला आणि कैवार

मग गरजूंसाठी बोलायचेच नाही का? बोलायचे. पण कसे, हा प्रश्न आहे.

येथेही आमचीच एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. एका कुटुंबाचा दाखला अडला होता. आम्ही फोन केला. चार दिवसांत दाखला हातात! सगळ्यांनी आमचे कौतुक केले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एक बाई आल्या. त्या बिगरख्रिस्ती होत्या. त्याच कामासाठी, त्याच खिडकीवर, कितीतरी आधीपासून खेटे घालत होत्या. त्यांनी विचारले, "फादर, माझ्यासाठीपण फोन कराल का?" तेव्हा आम्हांला उमगले, की आमच्या फोनने रांग पुढे सरकली नव्हती. एक माणूस पुढे गेला होता आणि बाकीचे मागे ढकलले गेले होते.

याला वशिला म्हणतात. वशिल्याने काम होते, पण दार बंदच राहते. आणि ज्याचे काम होते, तो आपल्या उपकाराखाली कायमचा दबतो.

आपल्या मराठी भाषेत आणखी एक शब्द आहे : कैवार. दुबळ्याचा कैवार घ्यावा, असे आपण म्हणतो. पुढच्या रविवारच्या शुभवर्तमानात हाच शब्द आपल्या कानी पडेल. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू शिष्यांना पवित्र आत्म्याचे वचन देतो आणि मराठी बायबल त्या आत्म्याला 'कैवारी' म्हणते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे 'ज्याला आपल्या बाजूला उभे राहण्यासाठी बोलावले आहे तो'. न्यायालयात आरोपीच्या शेजारी उभा राहणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो आपल्या वतीने बोलतो, पण आपल्याला खोलीबाहेर ठेवून नव्हे. आपण त्याला बोलावतो. आणि काम झाले, की निघून जात नाही. तो आपल्याबरोबर राहतो.

असा कैवार घ्यायचा, तर कायदा आणि योजना ठाऊक असाव्या लागतात. केवळ दया असून भागत नाही. आपल्याच धर्मग्रामातील एका तरुणाला अपघात झाला, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी आपण दोन रविवार चर्चच्या दारात पैसे गोळा केले. आपण मोठ्या मनाने दिले. नंतर आपल्याच एका परिचारिका भगिनीने सांगितले, की ते रुग्णालय धर्मादाय विश्वस्त संस्थेचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ सालापासून महाराष्ट्रात लागू आहे. त्यानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्या खर्चासाठी एकूण बिलांच्या रकमेतले २ टक्के वेगळे काढायचे असतात. उत्पन्नाची मर्यादा शासन ठरवते. आपण हे विचारलेच नाही. म्हणून कोणी सांगितलेही नाही.

तसेच, महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरवून दिलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाल्या नाहीत, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यासाठी हातात अर्जाची पोचपावती हवी. ही पावती न घेता परतलेली किती माणसे आपल्या आळीत आहेत, हे एकदा विचारून पाहा.

"पण फादर, हे राजकारण नाही का? चर्चचे हे काम आहे का?" असे कोणी विचारील. वसईच्या माणसाने हा प्रश्न विचारावा, याचे आम्हांला नवल वाटते. हरित वसईचे आंदोलन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, काहींनी त्यात मोर्चे काढले आहेत. येथली शेती, झाडे आणि पाणी वाचावे म्हणून आणि दहशतीच्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, तेव्हा त्यांच्याबरोबर सर्व धर्मांचे लोक होते. २०२४ साली फादर आपल्याला सोडून गेले. त्यांनी कुठल्याही पक्षाचा झेंडा घेतला नव्हता. तरीही ते गप्प बसले नाहीत. पक्षासाठी मते मागणे वेगळे आणि शेजाऱ्याबरोबर खिडकीपाशी उभे राहणे वेगळे. दुसरे काम ख्रिस्तसभेचेच आहे.

आणि दुसऱ्या टोकाला जाऊन, आता पिशव्या नकोत, फक्त हक्कांसाठी लढू, असेही आम्ही म्हणत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ साली 'देव प्रेम आहे' या आपल्या पत्रात लिहिले, की समाज कितीही न्यायी झाला तरी प्रेमसेवेची गरज संपणार नाही. अर्ज मंजूर होईपर्यंत चूल पेटायला हवी. मंजूर झाल्यावरही एकटेपणा राहतोच. त्या ऐंशी वर्षांच्या आजींना १५०० रुपयांहून अधिक गरज आहे ती शेजारी बसून रोझरी म्हणणाऱ्या माणसाची. म्हणून आजींच्या बाबतीत "किती वर्षे?" याचे आमचे उत्तर सरळ आहे : त्या जिवंत असेपर्यंत.

पुढारी कोण?

आता पदाधिकाऱ्यांच्या निवडीविषयी. सोसायटी ज्यांनी सुरू केली, ते धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम पॅरिसच्या विद्यापीठात शिकत होते. २३ एप्रिल १८३३ रोजी काही मित्रांची पहिली सभा झाली, त्या दिवशी त्यांना विसावे वर्ष पूर्ण झाले होते! हे तरुण काय करावे ते ठाऊक नसताना सिस्टर रोझाली यांच्याकडे गेले. पॅरिसच्या गरीब वस्तीत सिस्टरांनी अनेक वर्षे काढली होती. सिस्टरांनी त्यांना घरे दाखवली आणि घरी जाऊन भेटण्याची रीत शिकवली. ओझानाम पुढे प्राध्यापक झाले, कामगारांच्या मजुरीच्या प्रश्नावर बोलले, लिहिले. पण घरभेटी त्यांनी सोडल्या नाहीत. १८५३ साली, चाळिसाव्या वर्षी ते वारले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले.

आपली सोसायटी मात्र केस पिकलेल्यांची झाली आहे. तरुण येत नाहीत, अशी तक्रार आम्ही दर वर्षी ऐकतो. पण आपण त्यांना बोलावतो ते पिशव्या उचलायला. मोबाइलवर पाच मिनिटांत अर्ज भरणारी ही मुले. 'आपले सरकार'च्या संकेतस्थळावर कोणता कागद कुठे चढवायचा, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. बँकेतून निवृत्त झालेले आपले काही बंधू आहेत, त्यांना कागदपत्रांची सवय आहे. अशी जोडी प्रत्येक घरामागे का असू नये?

आता पुन्हा आजच्या वाचनाकडे वळू. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी काय केले? त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. "मिळते त्यात समाधान माना" असेही म्हणाले नाहीत. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातांची नावे लूकने मुद्दाम दिली आहेत : स्तेफन, फिलिप, प्रोखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्यातलीच माणसे सर्वांच्या वाटपावर नेमली गेली. दानाची किल्ली तक्रार करणाऱ्यांच्या हाती गेली. केवढे हे धाडस! आणि त्याचा परिणाम काय झाला? फूट पडली नाही. देवाच्या वचनाचा प्रसार झाला आणि शिष्यांची संख्या वाढली, असे वाचन सांगते.

आपल्यातले ग्रीक कोण आहेत? आपली यादी जुन्या आळींवरून तयार होते. स्टेशनकडच्या चाळींत आणि नव्या इमारतींत भाड्याने राहणारे कॅथलिक तिच्यात जवळजवळ नाहीत. झारखंड-छत्तीसगढहून घरकामासाठी आलेल्या आदिवासी मुली दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतात. त्यांना मराठी नीट येत नाही आणि आपल्याला त्यांची भाषा येत नाही. त्यांच्यापैकी एखादीला पगार मिळाला नाही, तर ती कोणाला सांगेल? आणि पूर्वेच्या पाड्यांवरचे वारली आणि कातकरी बांधव, जे आपल्या वाड्यांत मजुरीला येतात, ते आपल्या धर्माचे नसले म्हणून आपले शेजारी नाहीत का?

सभेपुढे चार गोष्टी

म्हणून येत्या रविवारच्या सभेपुढे आम्ही चार गोष्टी ठेवू इच्छितो. निर्णय सभेचा असेल.

पहिली, दोन वर्षांची मुदत नको. त्याऐवजी दर सहा महिन्यांनी प्रत्येक घराशी बसून बोलावे : तुमचे काय अडले आहे आणि त्यातले काय आपण मिळून सोडवू शकतो? दुसरी, प्रत्येक घरामागे दोन साथीदार, एक वडीलधारा आणि एक तरुण. पिशवीबरोबर तेच जातील आणि बोलावले तर कार्यालयातही तेच जातील. तिसरी, यापुढे नावे पुकारणार नाही, फोटो काढणार नाही. चौथी, नव्या समितीत दोन जागा अशांसाठी, ज्यांनी स्वतः सोसायटीची मदत घेतली आहे किंवा घेत आहेत. मदत घेणारा माणूस हिशेब पाहील, हे काहींना रुचणार नाही. पण पिशवीत काय कमी आहे, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

तांदूळ विकून दारू पिणाऱ्या त्या माणसाचे काय, याचे उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही. पिशवी बंद केली, तर मुले उपाशी राहतात. चालू ठेवली, तर दारू चालू राहते. शिजवलेले अन्न द्यावे का, मुलांच्या शाळेतून काही करता येईल का, व्यसनमुक्तीच्या गटातले कोणी त्याच्याशी बोलेल का, हे एकत्र बसून ठरवावे लागेल. नियम केला, की असा माणूस डोळ्यांआड होतो आणि आपल्याला सुटल्यासारखे वाटते. तसे सुटायचे नाही, एवढेच आज सांगू शकतो.

वर सांगितलेल्या त्या भगिनींबरोबर मागच्या सोमवारी आपल्या युवक मंडळातील एक मुलगी तहसील कार्यालयात गेली होती. त्या दिवशीही एक कागद कमी पडला. पण या वेळी कोणता कागद, हे लिहून घेतले गेले. दोघी पुन्हा जाणार आहेत.

ज्या बंधूंनी तो प्रश्न विचारला, त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. त्यांनी विचारले नसते, तर ती वही आम्ही उघडली नसती. सभेला त्यांनी यावे, आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर या वर्षी एका तरुणाला बसवावे, ही आमची त्यांना विनंती.

सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात आहे. सोसायटीचे सभासद नसलेल्यांनीही यावे. शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांनी तर जरूर यावे.

पवित्र आत्मा, आपला कैवारी, आपल्याला एकमेकांच्या बाजूला उभे राहायला शिकवो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू